कोयता कुठून आला

दादाने मला पहिल्यांदा कासऱ्याने मारलं ते पाण्यावरून. आमचं शेत वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून आत. पहाटे पाचला मोटारीला वीज यायची आणि नऊला जायची, तेवढ्या वेळात रानाला पाणी द्यायचं. एक वाफा भरला की फावड्याने माती ओढून पाणी दुसऱ्यात वळवायचं, हे काम माझ्याकडे होतं. वाफा भरायला वीसेक मिनिटं लागायची. त्या वीस मिनिटांत मी मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसून वहीत लिहायचो. त्या दिवशी एक वाक्य जमत नव्हतं. मान वर केली तेव्हा वाफा फुटून पाणी बांध ओलांडून चुलत्यांच्या रानात गेलं होतं आणि दादा माझ्या मागे उभा होता. कासरा ओला होता. ओल्या कासऱ्याचे वळ जास्त दिवस राहतात हे मला तेव्हा कळलं. पाठीवर किती बसले ते आठवत नाही, एक कानावर बसला तो आठवतो.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. त्याची शाळा सातवीत सुटली होती, त्यामुळे माझ्या दहावी-बारावीचा त्याला अभिमान होता. कॉलेजची फी त्याने कधी चुकवली नाही. त्याला फक्त एक समजत नव्हतं, की अभ्यासाचं नसलेलं काही माणूस रोज कशाला लिहील. त्याने पायरीवरचा दिवा काठीने फोडला. माझी दुसरी वही विहिरीत टाकली. एकदा त्याच वहीने तोंडावर मारलं, तेव्हा दात हलला. वडिलांनी त्यालाही असंच मारलेलं मी पाहिलं होतं. आमच्या घरात सांगण्याची दुसरी पद्धत नव्हती, आणि मार खाल्ला की कामाला लागायचं असं मीही धरून चाललो होतो.

लिहायची सवय मला सरांनी लावली. ते कॉलेजात मराठी शिकवायचे, सदाशिव पेठेत राहायचे आणि घरूनच एक लहानसा दिवाळी अंक काढायचे. पहिल्या वर्षाला असताना मी त्यांना एक कथा दाखवली होती. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"आपण लेखक आहात का?"

"नाही सर."

"मग असं लेखकासारखं का लिहिता?"

मला उठून जावंसं वाटलं, पण त्यांनी बसवलं आणि नियम सांगितले. रोज एक पान लिहायचं, वर तारीख टाकायची. वाईट झालं तरी फाडायचं नाही आणि चांगलं झालं तरी त्यांच्याकडे धावत जायचं नाही. वही महिन्यातून एकदा दाखवायची. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे सरांनी सांगितलेलं मी डॉक्टरांच्या औषधासारखं घ्यायचो. ताप असला तरी पान, परीक्षा असली तरी पान. दिवा फुटल्यावर उजाडेपर्यंत थांबायचो आणि घाईने लिहायचो. वही विहिरीत गेली त्या दिवशी खताच्या रिकाम्या पिशवीतल्या कागदावर लिहिलं आणि नंतर नव्या वहीत चिकटवलं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आमच्याकडे मोजणी आली. रस्त्यापलीकडे काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. सकाळी आमच्या फाट्यावर कंपन्यांच्या गाड्या थांबायच्या आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलंमुली चढायची. एक बिल्डर आमचं आणि चुलत्यांचं रान एकत्र घ्यायचं म्हणत होता. चुलत्यांना आम्ही नाना म्हणायचो, ते वडिलांचे धाकटे भाऊ. बिल्डर येण्याआधी हद्द मोजून घ्यावी म्हणून दादाने सरकारी मोजणी मागवली, आणि बांध चार फूट आमच्याकडे सरकलेला निघाला.

आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. नांगरताना आपल्या बाजूने बांधाची वीतभर माती खाली ओढायची आणि पलीकडच्या बाजूला तेवढी चढवायची. एका वर्षात कुणाच्या लक्षात येत नाही. नानांनी हे किती वर्षं केलं असेल कोण जाणे. रान कोरडवाहू होतं तेव्हा चार फूट म्हणजे बाजरीच्या दोन ओळी. आता त्याच चार फुटांवरून दादा रात्रभर झोपला नाही.

मोजणीवाले दगड रोवून गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मोटार चालू होती आणि मी पायरीवर होतो. दादा फावड्याने नव्या दगडाभोवती माती ओढत होता. नाना त्यांच्या घराकडून चालत आले. हात रिकामे होते, अंगात बंडी होती, पायात काही नव्हतं. दोघं बोलायला लागले. मोटारीच्या घरघरीत मला एक शब्दही कळत नव्हता. दादा काहीतरी म्हणाला, नानांनी हात झटकला, वाकून दगडाला दोन्ही हात घातले आणि तसंच वाकलेलं असताना मान वर करून काहीतरी बोलले. जास्त नाही, दोन-तीन वाक्यं असतील.

दादाने फावड्याचा दांडा त्यांच्या हातावर मारला. हात कोपराखाली भलत्याच जागी वळला. नाना गुडघ्यांवर आले. मग दादाने फावडं उलटं करून पात्याने डोक्यावर घाव घातला. कपाळावरची कातडी सुटून भुवईवर लोंबली. तिसरा घाव नाना कलंडले म्हणून मातीत बसला. तोवर नानांचा मोठा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, चारा तोडायचा कोयता घेऊन धावत आला आणि त्याने दादाच्या खांद्यावर मारला. दादाने त्याचा गळा पकडला. दोघं वाफ्यातल्या पाण्यात लोळले. एकमेकांची डोकी धरून चिखलात दाबत होते. पाणी लाल झालं असं मी पुढे तीन वेळा लिहिलं आहे. खरं म्हणजे ते गढूळच राहिलं.

मी काय केलं, तर मोटार बंद केली. तेवढंच केलं. आवाज थांबल्यावर नानांचं कण्हणं ऐकू आलं.

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा पायरीवर जाऊन बसलो. आई म्हणाली, "आज तरी नगं." पण त्या दिवशी पान चुकलं तर मी पुन्हा कधीच लिहिणार नाही असं मला वाटलं. मी तारीख टाकली आणि गोष्ट लिहायला घेतली. एक म्हातारा आणि त्याचा पुतण्या, बांधावर. म्हातारा वाकून दगडाला दोन्ही हात घालतो, बोलता बोलता कमरेचा कोयता काढतो आणि पुतण्याच्या खांद्यावर मारतो, मग पुतण्या फावडं उचलतो. पात्राच्या कृतीला कारण हवं, असं सर नेहमी सांगायचे. रिकाम्या हातांच्या म्हाताऱ्याला माझा भाऊ मारतो, हे मला लिहिता येईना. म्हणून मी त्याला कारण दिलं.

दोन्ही घरांनी पोलिसांत एकमेकांविरुद्ध तक्रार दिली होती. नाना दवाखान्यात होते, शुद्धीवर होते, पण कुणाशी बोलत नव्हते. दादा खांद्याला टाके घालून घरी आला. तिसऱ्या दिवशी तो सातबाऱ्याचे कागद शोधत होता तेव्हा वही त्याच्या हाताला लागली. मला वाटलं आता ही चुलीत जाणार. तो उभ्या उभ्या ते शेवटचं पान वाचत राहिला. मग खाली बसला आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं, एकेका शब्दावर बोट ठेवत.

"आई, बघ. समदं लिवलंय ह्यानं. तारीख हाय वर."

"खरंच असं झालं व्हय रं?" आईने मला विचारलं.

मी उत्तर देण्याआधी दादा म्हणाला, "असंच झालं. मी सांगत हुतो तर कुणाला पटना."

आमच्या घरात वहीत तारखेनिशी लिहिलेलं म्हणजे घडलेलं. वडिलांच्या वहीत पेरणी कधी केली, गाय कधी व्यायली, मोटार कधी जळली हे असायचं. न घडलेलं कुणी तारीख घालून लिहितं हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो, आणि त्यामागे नुसती भीती नव्हती. दादाने ते पान तीनदा वाचलं होतं. माझं लिहिलेलं घरात पहिल्यांदा कुणी वाचत होतं आणि वाचताना त्याचे डोळे भरून आले होते. मला बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

दादा मला शिवाजीनगरला वकिलाकडे घेऊन गेला. वकिलांनी पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"ही वही रोज लिहिता?"

"हो."

"छान. म्हणजे या घटनेसाठी मुद्दाम लिहिलेली नाही. मुलगा बी.ए.ला, समोर हजर, दुसऱ्या दिवशी नोंद." ते दादाकडे वळले. "पहिला वार त्यांचा ठरला तर तुम्ही जीव वाचवायला फावडं उचललंत. नाहीतर घातक हत्याराने गंभीर दुखापत, कलम तीनशे सव्वीस आहे. मग येरवड्याची तयारी ठेवा."

दादा बाहेर येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून चालला. त्या हाताने असं कधी केलं नव्हतं. मी चौकीत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की वही माझी आणि त्यात लिहिलंय ते मी पाहिलं. मी म्हणालो असतो तर दादा सुटला असता, आणि फुटलेल्या डोक्याचे नाना आरोपी झाले असते.

त्याच संध्याकाळी चुलतभावाने मला फाट्यावरच्या बसस्टॉपवर गाठलं. कॉलर धरून त्याने माझं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं. ओठ दातांत सापडून फाटला.

"काय बघितलंस त्ये सांग चौकीत. न्हायतर डोळं काढीन. मग बस लिवत."

तो मला खरं बोलायला सांगत होता आणि माझ्या तोंडातून रक्त गळत होतं. दोन कॉलेजची पोरं बाजूला सरकली. बस आली, मी तसाच चढलो आणि सदाशिव पेठेत सरांकडे गेलो.

सरांनी ओठाकडे पाहिलं, आतून कापूस आणून दिला आणि वही मागितली. पान वाचायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"वर्षभरातलं हे तुमचं सगळ्यात वाईट पान आहे."

त्यांनी वही माझ्यासमोर धरून एका ओळीवर बोट ठेवलं.

"कोयता कुठून आला?"

"कमरेला होता."

"बंडीच्या आत की बाहेर? उघडा की फडक्यात गुंडाळलेला? वाकताना टोचला नाही का? दगडाला दोन्ही हात घातल्यावर काढला कुठल्या हाताने? तुम्ही वाफ्यातल्या चिखलाचं इतकं बारीक लिहिलंय, आणि कोयत्याबद्दल एक ओळ नाही. तो तिथे नव्हताच."

"कोयता होता सर. पण नंतर आला. दुसऱ्याच्या हातात."

"असं होय. आणि वार होण्याआधी म्हातारा काही बोलतो म्हणता. काय बोलतो?"

"मोटार चालू होती. ऐकू आलं नाही."

"म्हणून त्या जागी कोयता घातलात." त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

मग मी त्यांना घडलेलं आणि चौकीत काय म्हणायचं ठरलंय ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. काय करू असं विचारलं तेव्हा म्हणाले, "ते मला विचारू नका. मी मराठी शिकवतो. कापूस लागला तर आणखी आहे."

चौकीत जबाब घेणारे हवालदार वयस्क होते. दादा दारात उभा होता, खांद्याला पट्टी होती. हवालदारांनी वही उघडली.

"ही तुझी?"

"हो."

"यात लिहिलंय ते तू पाहिलंस?"

"ती गोष्ट आहे."

"गोष्ट म्हणजे?"

"रचलेली. मी कथा लिहितो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग झालं काय ते सांग."

मी सांगितलं. दादाकडे मी पाहिलं नाही. हवालदार लिहीत होते आणि मध्येच विचारत होते, दांडा आधी की पातं आधी, नानांच्या हातात काही होतं का, किती घाव. मी उत्तरं देत होतो. मी हे खरेपणाने केलं, की ते पान वाईट होतं म्हणून केलं, याची मला आजही खात्री नाही. हवालदारांनी खाली माझी सही घेतली. दारात पाहिलं तर दादा निघून गेला होता.

तो घरी माझी वाट पाहत होता. ओरडला नाही. मोटारीच्या खोलीपाशी घेऊन गेला आणि पायरीकडे बोट केलं.

"हात ठिव."

मी उजवा हात पायरीवर ठेवला. पळता आलं असतं, पण मी पळालो नाही. त्याने पहार उचलली आणि तिच्या बुडाने आधी एक बोट ठेचलं, मग दुसरं. पहिल्या वेळी मी ओरडलो, दुसऱ्या वेळी आवाजच निघाला नाही. आई येऊन उभी होती. ती "बास" म्हणाली, पण दोन्ही बोटं झाल्यावर म्हणाली. दादाने पहार टाकली आणि तोही तिथेच खाली बसला. खांद्याचे टाके सुटून त्याचा शर्ट भिजला होता. पोलीस त्याला तिसऱ्या दिवशी घेऊन गेले. जामीन व्हायला चार महिने लागले.

आई मला जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "तुझ्या शब्दापायी माझं लेकरू आत गेलं." मी घर सोडलं. सदाशिव पेठेत एका खोलीत सहा खाटा होत्या, त्यातली एक मिळाली. दिवसा एका छपाईच्या दुकानात मजकूर तपासायचो, बाकी वेळ कॉलेज.

उजव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून पहाटे खाटेवर बसून डाव्या हाताने लिहायचो. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी यायची. एका पानाला दीड तास लागायचा, त्यामुळे उगाचचं वाक्य लिहायला हात तयार नसायचा. बाकीचे पाच जण झोपलेले असायचे. एक जण उठून म्हणायचा, "साहित्यिक, चहा आणा आता." प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वाकडी जुळली होती. पेन अंगठा आणि अनामिकेत धरायला शिकलो. कथा पूर्ण झाली की अंकांना पाठवायचो, सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. त्या पाकिटांवर माझंच वाकडं अक्षर परत यायचं. सरांनीही चार परत केल्या. एकीवर लिहिलं होतं, "मारामारी उत्तम. कारण खोटं." मी त्या बांधाची गोष्ट पुन्हा पुन्हा लिहीत होतो. कधी जमिनीचा हव्यास घातला, कधी दारू घातली, कधी जुनं वैर. प्रत्येक वेळी कोयत्याचाच नवा प्रकार व्हायचा.

खटला उभा राहिला तेव्हा मी एम.ए.ला होतो. तोवर बिल्डर परत आला होता आणि त्याला दोन्ही घरांच्या सह्या एकाच कागदावर हव्या होत्या. नाना पिंजऱ्यात उभे राहिले. कपाळावरून भुवईपर्यंत व्रण होता, डावा हात पुरता सरळ होत नव्हता. ते म्हणाले, पाय घसरला, दगडावर पडलो. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, हात कसा मोडला. नाना म्हणाले, आधी हातावर पडलो, मग डोक्यावर. मागे कुणीतरी हसलं. चुलतभावानेही तसंच सांगितलं. सरकारी वकिलांनी मला बोलावून सांगितलं की आता तुमची साक्ष घेत नाही, जखमी माणूसच पडलो म्हणतोय. मी साक्षीला आलो होतो तो तसाच बाहेर आलो. वाटलं, फिरून चौकीत जावं आणि माझी दोन बोटं परत मागावीत.

कोर्टाबाहेर टपरीवर सगळे चहा पीत होते. नाना, चुलतभाऊ, दादा, एकाच बाकावर. दादाने मला पाहिलं, उठून माझ्यासाठी एक ग्लास घेऊन आला आणि थोडा लांब, झाडाखाली उभा राहिला. आम्ही तीन वर्षांत बोललो नव्हतो.

"बोटं दुखत्यात का?"

"थंडीत."

"खांदा बी." त्याने चहाचा घोट घेतला. "तू लिवलं हुतंस त्यात मी बरा मानूस हुतो."

मला त्याच्या तोंडावर ग्लास फेकावासा वाटला. फेकला नाही. तीन वर्षं रोज पहाटे मी जे शोधत होतो ते या माणसाला ठाऊक होतं आणि मी त्याला विचारलं नव्हतं.

"नाना काय म्हणाले होते?"

"कवा?"

"दगडाला हात घातल्यावर. मोटार चालू होती."

तो बाकावरच्या नानांकडे पाहत राहिला. नाना बशीत चहा ओतत होते, वाकड्या हाताने.

"म्हनले, तुज्या बापाला ठावं हुतं. दर साली बांध सरकायचा त्यो उभा राहून बघायचा. माजी पोरं पाच, तुमी दोगं, म्हनून गप बसायचा. त्यानं इचारलं न्हाय, तू कोन इचारनार."

"मग?"

"मग काय. मला बाचा राग आला. त्यानं मला कवा सांगितलं न्हाय. रोज मारायचा, पर ह्ये सांगितलं न्हाय." त्याने ग्लास झटकला. "बा तितं न्हवता. नाना हुता."

पलीकडून चुलतभावाने गाडी काढल्याची हाक मारली. दादा निघाला, दोन पावलं जाऊन थांबला.

"लिवनार ह्ये?"

"हो."

"लिव. पर बाचं नाव टाकू नगंस."

मी कुणाचंच टाकलेलं नाही.